हात टेकवायची जागा आधी, जॉयस्टिक नंतर

संगणकावर विमान उडवायची हौस लागली की पहिला प्रश्न जॉयस्टिकचा येतो, आणि तो बहुतेकदा एकाच तऱ्हेने विचारला जातो: सगळ्यात चांगली कोणती? दुकानदार, यूट्यूबवरचे परीक्षक, जुने खेळाडू आपापल्या परीने उत्तर देतात. ती उत्तरं खोटी नसतात, पण उडवणाऱ्याचा हात, त्याची खुर्ची आणि त्याची खोली न बघता दिलेली असतात. म्हणून महागडी स्टिक महिन्याभरात कपाटात जाते आणि साधी स्टिक वर्षानुवर्षं सुखाने चालते.

जयपूरच्या राजा पार्कमधलं घर डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा लिहितो आहे. फाळणीनंतर पंजाब-सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेला हा भाग. गल्ल्यांना क्रमांक, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. नोकरीनिमित्त इथे आलेल्या मराठी घरांत बहुधा एकच टेबल असतं आणि त्यावरच मुलांचा अभ्यास, ऑफिसचा लॅपटॉप आणि संध्याकाळचं उड्डाण बसवावं लागतं. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. आंधी आली की खिडक्या बंद असूनही धुळीचा थर बसतो. परदेशी परीक्षणांत या गोष्टींचा उल्लेख नसतो, पण इथे स्टिक निवडताना त्यांना डावलून चालत नाही.

दांड्याचा थोडा इतिहास

एकाच दांड्याने विमानाचं नाक वर-खाली करायचं आणि त्याच दांड्याने पंख कलवायचे, ही रचना फ्रान्सच्या रोबेर एस्नो-पेल्तरी यांनी 1907 च्या सुमारास मांडली. लुई ब्लेरिओ यांनी ती लगेच आपल्या विमानांत आणली. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानातही हातात असाच दांडा होता. जमिनीवर बसून उडायला शिकायची सोय एडविन लिंक यांनी 1929 मध्ये अमेरिकेत केली. ऑर्गन बनवणाऱ्या घरातले असल्याने त्यांनी ऑर्गनच्याच भात्यांवर डोलणारा प्रशिक्षक यंत्रपाळणा बांधला.

घरच्या संगणकावर ही हौस रुजली ती 1980 च्या दशकात. ब्रूस आर्टविक यांचं फ्लाइट सिम्युलेटर 1979 मध्ये ॲपल टू संगणकावर आलं आणि 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएमच्या पीसीवर. त्या काळच्या जॉयस्टिका गेमपोर्टला जोडायच्या आणि सारख्या कॅलिब्रेट करायला लागायच्या. यूएसबी आल्यावर तो जाच संपला. आज मायक्रोसॉफ्टचं 2020 आणि 2024 चं सिम्युलेटर, एक्स-प्लेन 12, लढाऊ विमानांसाठी डीसीएस वर्ल्ड आणि फुकट मिळणारं फ्लाइटगिअर असे मुख्य पर्याय आहेत. डीसीएसची मूळ आवृत्तीही फुकट असते आणि तिच्यासोबत दोन विमानं मिळतात. त्यामुळे पहिला खर्च सॉफ्टवेअरचा नसून हातातल्या दांड्याचाच असतो.

कोणतं विमान उडवणार?

निवडीचा पहिला निकष विमान हाच असावा. एअरबस ए320 मध्ये वैमानिकाच्या बाजूला छोटी साइडस्टिक असते. ती स्प्रिंगने मध्यावर येते आणि पंखांवरचा हवेचा जोर हातापर्यंत पोचवत नाही. म्हणजे घरच्या स्प्रिंगच्या जॉयस्टिकशी खऱ्या प्रवासी विमानांपैकी सगळ्यात जास्त साम्य एअरबसचं आहे. जयपूर-मुंबई मार्ग ए320 ने उडवायचा असेल, तर साध्या स्टिकवरही खऱ्या अनुभवाच्या पुष्कळ जवळ जाता येतं. थ्रस्टमास्टरने 2020 मध्ये एअरबसच्याच आकाराची टीसीए साइडस्टिक आणली. नव्या माणसासाठी ती चांगली निवड आहे.

बोइंग आणि सेसना 172 यांच्यात योक, म्हणजे दोन हातांनी धरायचं सुकाणू असतं. 1955 मध्ये पहिल्यांदा उडालेली सेसना 172 आजवर 44 हजारांहून अधिक बनली आहे आणि उड्डाण शिकणारे अनेक विद्यार्थी तिच्यावरच शिकतात. ज्याला पुढे फ्लाइंग क्लबात जायचं आहे त्याने योकचा विचार जरूर करावा. पण योक टेबलाच्या कडेला घट्ट आवळावं लागतं, बरीच जागा खातं, आणि त्याच्यासमोर पुस्तक उघडून बसता येत नाही. एकाच टेबलाच्या घरात रोज योक लावायचं आणि काढायचं म्हटलं, तर उड्डाणं कमी होत जातात. अशा घरात स्टिकच बरी.

लढाऊ विमानांत बहुधा दोन पायांच्या मधोमध दांडा असतो. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ज्या मिग-21 ची पिढी घडली, ते विमान हवाई दलाने 26 सप्टेंबर 2025 ला निवृत्त केलं. डीसीएसमध्ये मिग-21 बिस अजूनही उडवता येतं. त्याच्या चाकांचा ब्रेक पायांत नसून दांड्यावरच्या तरफेत असतो, म्हणून ग्रिपवर अशी तरफ असलेली स्टिक तिथे उपयोगी पडते. अमेरिकेच्या एफ-16 ची साइडस्टिक सुरुवातीला अजिबात हलत नसे, ती फक्त हाताचा जोर मोजायची. पुढे तिला किंचित हालचाल दिली गेली. सगळ्या विमानांना पुरून उरेल अशी एकच स्टिक शोधणं म्हणूनच व्यर्थ आहे. आपण ज्यावर जास्त वेळ घालवणार, ते विमान धरून निवड करावी.

आतला सेन्सर आणि बाहेरची धूळ

स्टिक किती कलली हे मोजायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. जुनी पद्धत पोटेन्शिओमीटरची. यात कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते. घासण्याने पट्टी झिजते, मध्ये धूळ अडकते, आणि मग स्टिक स्थिर असतानाही विमान थरथरू लागतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की काही दिवस बरं वाटतं, पण झीज भरून येत नाही.

दुसरी पद्धत हॉल सेन्सरची. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर ती चालते. दांड्याबरोबर चुंबक हलतं आणि सेन्सर त्याच्या क्षेत्रातला बदल मोजतो. कशालाच काही घासत नाही, त्यामुळे झीज जवळपास नाही आणि धुळीचा त्रासही कमी. अचूकताही वाढते. दहा बिटांच्या स्टिकमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 1,024 पायऱ्या असतात, चौदा बिटांत 16,384. थ्रस्टमास्टरच्या टी.16000एम स्टिकने ही सोय मध्यम किमतीत आणली. मात्र तिच्या मुख्य दोन अक्षांनाच हॉल सेन्सर आहे, पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी पट्टी) फिरवण्याचा अक्ष पोटेन्शिओमीटरवरच चालतो, आणि तोच आधी बिघडतो. व्हीकेबीच्या ग्लॅडिएटर एनएक्सटी इव्होमध्ये तिन्ही अक्षांना न घासणारे सेन्सर आहेत.

राजस्थानच्या धुळीत माझा कौल स्पष्ट आहे: दोन बटणं कमी असली तरी चालतील, पण सेन्सर न घासणारा घ्या. कापडाचं साधं आवरण रोज घाला. सांध्यात तेल सोडू नका, तेलाला वाळू चिकटते आणि सांधा आणखी अडखळतो. ग्रिपवरचा मऊ रबरी लेप उन्हाळ्यात चिकट होतो, तेव्हा साधं टणक प्लास्टिक निवडा आणि स्टिक खिडकीच्या उन्हात ठेवू नका. उड्डाणाच्या मध्येच स्टिक बंद पडत असेल, तर लगेच तिला दोष देऊ नका. विंडोजमध्ये यूएसबीची वीज वाचवायची सोय आपोआप चालू असते. ती बंद केल्यावर हा त्रास बऱ्याचदा जातो.

स्प्रिंग, ट्रिम आणि फोर्स फीडबॅक

नव्या माणसाला कडक स्प्रिंग भारदस्त वाटते, पण अर्ध्या तासात खांदा भरून येतो. स्प्रिंगचा जोर एवढाच असावा की हात सोडल्यावर दांडा न डगमगता मध्यावर यावा. मध्यातून बाहेर पडताना त्याने झटका देऊ नये, हे त्याहूनही महत्त्वाचं. जिथे सुरुवातीला अडकून मग एकदम सुटणारी हालचाल असते, तिथे विमान नेमकं उतरवता येत नाही. थ्रस्टमास्टरचा 2010 चा वॉर्टहॉग ए-10 विमानाच्या दांड्याची हुबेहूब प्रत आहे, धातूचा आहे, टिकतोही. पण त्याची स्प्रिंग कडक आहे आणि सांधा मध्यापाशी अडखळतो, ही त्याची जुनी ओळख आहे. व्हीकेबीच्या स्टिकांत स्प्रिंगा बदलता येतात. ही सोय कागदावर किरकोळ वाटते, पण हाताला तीच सगळ्यात जास्त जाणवते.

ट्रिम, म्हणजे दांडा धरून न ठेवताही विमान हव्या त्या स्थितीत राहावं यासाठीची जुळवणी, स्प्रिंगच्या स्टिकवर वेगळ्या तऱ्हेने शिकावा लागतो. खऱ्या सेसनात ट्रिम लावला की योक नव्या जागी आपोआप स्थिरावतं. घरच्या स्टिकचा मध्य मात्र एकच असतो. म्हणून हवी ती स्थिती हाताने धरायची, ट्रिम थोडा थोडा फिरवायचा आणि त्या मानाने हात सैल करत दांडा मध्यावर आणायचा. हे न जमल्याने अनेकांच्या हाताला सतत ताण राहतो आणि ते नवी स्टिक शोधू लागतात.

फोर्स फीडबॅकमध्ये मोटरी हाताला हवेचा जोर देतात. मायक्रोसॉफ्टचा साइडवाइंडर फोर्स फीडबॅक 2 हा 2000 सालचा दांडा शौकीन अजून जपून वापरतात. आता स्वित्झर्लंडच्या ब्रुनर आणि चीनच्या मोझा या कंपन्यांनी दांड्याखालचे नवे बेस आणले आहेत. हेलिकॉप्टर आणि जुनी प्रोपेलरची विमानं यांच्यासाठी हे तंत्र खरोखर मोलाचं आहे, कारण तिथे दांडा कुठे थांबतो हेच शिकायचं असतं. एअरबससाठी त्याची गरज नाही. वजन, जागा आणि किंमत पाहता ही खरेदी पहिली तर नाहीच, तिसरीही नसावी.

मनगट की पाय?

रडर दोन तऱ्हांनी चालवता येतं: दांडा पिळून किंवा पेडलने. दांडा पिळण्यात पैसे आणि जागा वाचतात. पण पिळताना नकळत दांडा थोडा कलतो, आणि आडव्या वाऱ्यात उतरताना नेमकं तेच नको असतं. शिवाय मनगट पिळायचं, त्याच वेळी दांडा ढकलायचा आणि अंगठ्याने हॅट स्विच (ग्रिपच्या माथ्यावरचं चारही दिशांना हलणारं बटण) दाबायचा, या तिहेरी कामाने मनगट आणि अंगठा लवकर दुखू लागतो. खऱ्या विमानात रडरचं काम पायांकडे आहे.

त्यामुळे दुसरी खरेदी कोणती, यावर माझं मत ठाम आहे: आधी पेडल, मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी तरफ. थ्रॉटलचं काम स्टिकच्या बुडाशी असलेली छोटी तरफ बरेच दिवस भागवते. लॉजिटेकच्या एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोसारख्या स्वस्त स्टिकलाही ती असते. मनगटाचं काम हलकं करणारी तरफ मात्र कुठल्याच स्टिकला नाही. फरशीवर पेडल पुढे सरकतं, म्हणून त्याला भिंतीचा आधार द्यावा किंवा खुर्चीच्या पायाला पट्ट्याने बांधावं. चाकांची खुर्ची पेडलवर जोर देताच मागे जाते, तेव्हा चाकं अडवायलाच हवीत.

बसायचं कसं?

या साऱ्या आढाव्यातली सगळ्यात महत्त्वाची बाब बसण्याची आहे. आपली टेबलं सर्वसाधारणपणे अडीच फूट उंच असतात, आणि ती लिहिण्याच्या सोयीने केलेली असतात. त्यावर स्टिक ठेवली की ग्रिप आणखी सात-आठ इंच वर जाते. मग खांदा उचलावा लागतो, कोपर हवेत राहतं आणि मनगट मागे वाकतं. तासाभराने मान आखडते. यात स्टिकचा दोष नाही, तिची उंची चुकली आहे.

हाताचा नियम सोपा आहे. खांदा सैल सोडा. कोपर अंगाजवळ, काटकोनात किंवा जरा उघडं. हाताचा पुढचा भाग कशावर तरी टेकलेला. मनगट सरळ. आता मूठ जिथे येते तिथे ग्रिप यायला हवी. बहुतेक माणसांत ही जागा टेबलाच्या बरीच खाली, मांडीच्या आसपास येते. मधोमध दांडा असलेल्या विमानांचे वैमानिक उजवा हात मांडीवर टेकवून बोटांनी दांडा हलवतात, त्याचं कारण हेच. आधार मिळाला की काम खांद्याकडून बोटांकडे येतं, आणि बारीक हालचाल बोटांनाच जमते.

तयार क्लॅम्प बाजारात आहेत, पण परदेशातून मागवले तर मालवाहतूक आणि कस्टम्स धरून किंमत स्टिकच्या जवळ जाते. त्याऐवजी गल्लीतल्या सुताराकडून जाड प्लायवूडची फळी करून घ्या. एक टोक खुर्चीच्या गादीखाली सरकवायचं, दुसऱ्यावर दोन गुडघ्यांच्या मध्ये स्टिक स्क्रूने बसवायची. साइडस्टिक हवी असेल तर खुर्चीच्या हाताच्या उंचीचा छोटा स्टँड करून घ्यायचा. माप घेताना स्वतः खुर्चीत बसा, हात सैल सोडा आणि मुठीची उंची दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. बुडाशी रबरी चोषक असलेल्या स्टिका सनमायकावर टिकतात, खडबडीत लाकडावर सुटतात. हलक्या स्टिकला स्क्रू नसतील, तर फळीला पट्ट्याने बांधा.

ज्यांच्या घरी खुर्चीच नाही त्यांनी नाराज होऊ नये. गादीवर पाठ टेकून बसा, समोर बुटका पाट ठेवा आणि त्यावर स्टिक घट्ट बसवा. हात आपोआप मांडीवर येतो, मनगट सरळ राहतं. पेडल मात्र या बैठकीत जमत नाही, तेव्हा पिळायच्या रडरवर भागवावं लागतं, आणि मांडी घालून तासन्‌तास बसणं गुडघ्यांनाही मानवत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने उठायलाच हवं.

पकड हा दुसरा भाग. घाबरलेला हात दांडा आवळतो. लेखणी धरतो तेवढ्याच जोराने ग्रिप धरा. ट्रिम नीट लावला असेल, तर सरळ उड्डाणात हात पूर्ण काढता येतो, आणि मध्ये मध्ये तो काढावाच. मुंबईपर्यंतच्या उड्डाणात बराच वेळ ऑटोपायलट विमान सांभाळतो. तेव्हा मूठ उघडा, मनगट फिरवा, नजर पडद्यावरून काढून लांब न्या. अंगठ्याच्या मुळाशी दुखणं, बोटांना मुंग्या, बधिरपणा हे सहन करून जाणारे त्रास नाहीत. विश्रांतीनंतरही राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

सेटिंगमध्ये काय बदलावं?

नवी स्टिक लावल्यावर दोन गोष्टींशी खेळायचा मोह होतो. पहिली डेडझोन, म्हणजे मध्याभोवतीची निष्क्रिय जागा. न घासणाऱ्या सेन्सरच्या स्टिकला ती शून्यावर किंवा अगदी जेमतेम ठेवावी. थरथरणाऱ्या जुन्या स्टिकलाच दोन-तीन टक्के द्यावेत. डेडझोन मोठी केली की दांडा हलवूनही विमान ऐकत नाही, मग आपण जास्त हलवतो, विमान उसळी घेतं, आपण उलट ओढतो आणि ते झोके खात राहतं. धावपट्टीजवळ अनेकांचं उतरणं याच झोक्यांनी बिघडतं.

दुसरी गोष्ट कर्व्ह, म्हणजे दांडा किती हलवल्यावर विमानाने किती प्रतिसाद द्यावा याचं प्रमाण. मध्याजवळची हालचाल मवाळ करणं चांगलं, पण ती मवाळी टोकांकडून उसनी घेतलेली असते. तिथे विमान अचानक तीव्रपणे वळतं. दहा-पंधरा टक्क्यांपासून सुरुवात करावी, आणि एकदा ठरवल्यावर महिनाभर हात लावू नये. हाताला सवय लागायला वेळ द्यावा लागतो. मधोमध उभ्या बसवलेल्या दांड्याला लांब एक्स्टेन्शन लावलं, तर तीच हालचाल बोटांना मोठी मिळते आणि कर्व्हची गरज उरत नाही. मात्र त्यासाठी बुडाची स्प्रिंग दमदार आणि फळी पक्की हवी.

डावे हात, लहान हात

बाजारातल्या पुष्कळ ग्रिपा मोठ्या पुरुषी उजव्या हातासाठी घडवलेल्या असतात. डावखुऱ्यांनी त्यात हात कोंबून शिकू नये. टी.16000एम आणि टीसीए साइडस्टिक दोन्ही हातांनी वापरता येतात, ग्लॅडिएटर डाव्या हातासाठी वेगळी मिळते. उलट एअरबसच्या कॅप्टनच्या जागी बसायचं असेल, तर उजव्या हाताच्या माणसालाही डाव्या हाताने उडवायला शिकावं लागतं. दोन्ही हातांना चालणारी स्टिक घेतल्याने हाही अभ्यास होतो, आणि एक हात थकला की दुसऱ्याला कामाला लावता येतं.

मुलामुलींचा प्रश्न मला विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. जयपूरजवळच्या वनस्थली विद्यापीठात शिकलेल्या अवनी चतुर्वेदी जून 2016 मध्ये हवाई दलात दाखल झालेल्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांपैकी एक. फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांनी मिग-21 बायसन एकट्याने उडवलं, आणि एकट्याने लढाऊ विमान उडवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. अशी स्वप्नं असलेल्या मुलीच्या हातात ज्या ग्रिपवर तिचा अंगठा हॅट स्विचपर्यंत पोचतच नाही ती देणं हा अन्याय आहे. तळहाताचा टेकू वर-खाली होणारी ग्रिप पाहा, आणि तिला स्वतः हातात घेऊ द्या.

मुलांना आणि पालकांना एक गोष्ट स्पष्ट माहीत असावी. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी नागरी उड्डाणाचं नियमन करणाऱ्या डीजीसीएला 200 तासांचं उड्डाण लागतं, आणि घरच्या स्टिकवरचा एकही तास त्यात धरला जात नाही. घरी मिळतं ते वेगळं: उपकरणांवर नजर फिरवायची शिस्त, चेकलिस्ट पाळायची सवय, रेडिओच्या भाषेशी ओळख. ते खरं आहे आणि मोलाचं आहे.

पैसा कोणत्या क्रमाने घालावा?

साऱ्याचं सार खर्चाच्या क्रमात सांगता येतं. आधी बैठक: खुर्ची, फळी, हाताचा टेकू. मग न घासणाऱ्या सेन्सरची, आपल्या हाताला बसणारी साधी स्टिक. मग पेडल. त्यानंतर थ्रॉटल. सहा महिने नियमित उडवल्यावर आपण कोणत्या विमानात रमतो हे कळतं, आणि तेव्हाच योक, महागडी धातूची स्टिक किंवा फोर्स फीडबॅक यांचा विचार करावा. बजेट अगदीच तोकडं असेल, तर एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोसारखी स्वस्त स्टिक घ्यावी आणि उरलेले पैसे सुताराला द्यावेत. मांडीच्या उंचीवर पक्की बसवलेली स्वस्त स्टिक टेबलावर डगमगणाऱ्या महाग स्टिकपेक्षा चांगलं विमान उतरवते.

उणीव राहते ती हाताळून बघण्याची. चप्पल घेतानाही आपण पायात घालून बघतो, पण हजारोंची स्टिक फोटो पाहून मागवतो. एमआय रोडवरच्या जयंती मार्केटपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत संगणकाचा माल विकणाऱ्यांनी प्रत्येक आकाराची एकेक स्टिक खुर्चीच्या उंचीवर बसवून ग्राहकाला पाच मिनिटं धरू द्यावी. आणि ज्यांच्या घरी स्टिक आहे त्यांनी शेजारच्या नवख्याला ती घेण्याआधी आपल्या खुर्चीत बसवावं. परीक्षणाचे दहा व्हिडिओ जे सांगू शकत नाहीत, ते त्याचा स्वतःचा हात सांगेल.